डिस्चार्ज बुकात ‘दत्तू’, आधारवर ‘दत्तात्रय’: आधी कुठलं नाव दुरुस्त करायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमचे आबा १९७७ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९९४ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळालेली सेवेच्या नोंदींची पुस्तिका) आणि पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा आदेश) त्यांचं नाव ‘दत्तू भाऊ कदम’ आहे. आधार, पॅन आणि सातबाऱ्यावर ‘दत्तात्रय भाऊसाहेब कदम’. आईचं नाव बुकात ‘शालन’ असं माहेरचं आहे, आधारवर लग्नानंतरचं ‘सुलोचना’. पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर गेल्यापासून नाव जुळत नाही असा शेरा येतो आणि डिजिटल हयातीचा दाखला अडतो. तालुक्याच्या गावी एक एजंट पंधरा हजारात राजपत्र करून देतो म्हणतो. एका ओळखीच्यांनी बुकातच नाव नीट लिहून झेरॉक्स द्यायला सांगितलं. आबांचं वय आता सत्तरीकडे झुकलंय. काय करावं? (खटाव तालुका, जि. सातारा)

उत्तर:

सगळ्यात आधी, डिस्चार्ज बुकाला पेन लावू नका. एक अक्षरही नको. व्हाइटनर नको, कंसात ‘उर्फ’ नको, आणि पानं लॅमिनेट तर मुळीच करू नका. बुकात दुरुस्ती करण्याचा अधिकार फक्त रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटच्या सेवा-नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला असतो. तिथे अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का लागतो, मग ती नोंद खरी धरतात. लॅमिनेट केलेल्या पानावर शिक्का मारता येत नाही. घरच्या घरी खाडाखोड केलेल्या बुकावर तर तिथला बाबू आधी संशयच घेतो. ज्यांनी तो सल्ला दिला त्यांचा हेतू चांगला असेल, पण त्या एका कृतीनं साधं प्रकरण बनावट कागदाचं होऊन बसतं.

आता मूळ मुद्दा. डिस्चार्ज बुक ही मूळ नोंद नाही, मूळ नोंदीची नक्कल आहे. भरतीच्या दिवशी भरलेला एनरोलमेंट फॉर्म, सेवेतले शीट रोल (सेवेची नोंदपत्रकं), कुटुंबाची माहिती असलेला किंड्रेड रोल आणि वेळोवेळी निघालेले पार्ट टू ऑर्डर (नोंदीतले बदल जाहीर करणारे लष्करी आदेश) ही खरी मुळं. ती सगळी आबांच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या कार्यालयात असतात. बुकातलं नाव तिथून उतरलं, पीपीओतलं नावही तिथून पेन्शन मंजूर करणाऱ्या प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयात गेलं, आणि ‘स्पर्श’नं पीपीओतलं नाव जसंच्या तसं उचललं. मुळात काय लिहिलंय हे न पाहता टोकाला दुरुस्ती करायला गेलात, तर दर ठिकाणाहून अर्ज परत येणार.

म्हणून राजपत्राच्या आधी आणि प्रतिज्ञापत्राच्याही आधी एनरोलमेंट फॉर्म आणि किंड्रेड रोल यांच्या साक्षांकित प्रती मागवा. माहिती अधिकाराखाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज आबांच्याच नावानं आणि त्यांच्याच सहीनं जायला हवा. तुमच्या नावानं गेला तर ‘त्रयस्थाची वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारतात, आणि महिना फुकट जातो. अर्जात आर्मी नंबर लिहिताना शेवटचं इंग्रजी अक्षर विसरू नका. नंबर बरोबर उतरला आहे की नाही हे त्या अक्षरावरूनच तपासतात. ते चुकलं किंवा राहिलं तर भलत्याच माणसाची फाइल उघडू शकते किंवा ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर येऊ शकतं.

प्रत हाती आली की दोनच शक्यता उरतात, आणि पुढचा सगळा रस्ता तिथून फुटतो.

पहिली शक्यता, एनरोलमेंट फॉर्मवर ‘दत्तात्रय’ आहे आणि पुढे कुठेतरी, पलटणीत किंवा डिस्चार्जच्या वेळी, ‘दत्तू’ झालं. हे नाव बदलणं नव्हे, ही लेखनातली चूक. इथे राजपत्राची गरज नाही आणि पंधरा हजारांची तर नाहीच. मूळ नोंदीचा हवाला देऊन रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्ती मागायची. ते पार्ट टू ऑर्डर काढतात आणि प्रकरण प्रयागराजला पाठवतात. तिथून सुधारित पीपीओ निघतो, ज्याला सगळे करिजेंडम पीपीओ म्हणतात.

दुसरी शक्यता, फॉर्मवरच ‘दत्तू’ आहे. सत्तरच्या दशकातल्या भरतीत हेच जास्त संभवतं. मुलगा रांगेत उभा राहिला, घरातलं हाकेचं नाव सांगितलं, भरती करणाऱ्यानं तेच लिहिलं, आणि पुढची सतरा वर्षं लष्करासाठी तोच माणूस ‘दत्तू’ राहिला. अशा वेळी लष्कराच्या लेखी चूक काहीच नाही. तुम्ही मागताय ती दुरुस्ती नसून नावातला बदल आहे, आणि निवृत्तीनंतर तीस वर्षांनी तो मागितला की बहुतेक वेळा नकार येतो. हा नकार अन्याय म्हणून घेऊ नका. सेवापुस्तकातलं नाव हीच त्या माणसाच्या सेवेची ओळख असते.

या दुसऱ्या शक्यतेत आमचं स्पष्ट मत असं की लष्कराची नोंद तशीच ठेवा आणि आधार व पॅन लष्करी नावाकडे वळवा. माणसाला हे उलटं वाटतं, कारण गावात सगळे आबांना दत्तात्रय म्हणत असतील. पण पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), कॅन्टीन कार्ड आणि उद्या आईची फॅमिली पेन्शन, हे सारं सेवेच्या नावावर उभं आहे. सातबारा आणि मतदार यादी मात्र ‘दत्तात्रय उर्फ दत्तू, एकच व्यक्ती’ अशा प्रतिज्ञापत्रावर सांभाळता येते. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईनं एक संधी वाया घालवू नका. आधी आबांनी आजवर किती वेळा नाव बदललंय ते पाहा. पेन्शनरचं फोटो ओळखपत्र किंवा ईसीएचएस कार्ड पुरावा म्हणून सोबत न्या. तुमच्या बाबतीत पहिलं नावच बदलतंय, स्पेलिंग नव्हे, त्यामुळे आधार केंद्रात राजपत्र मागितलं जाऊ शकतं. मागितलं तर मग राजपत्र जरूर करा, पण ‘दत्तात्रय’वरून ‘दत्तू’कडे जाणारं, उलट दिशेनं नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रासाठी अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाकडे स्वतः ऑनलाइन करता येतो, त्याला एजंट लागत नाही.

एजंट हे सांगत नाही की राजपत्र ‘आजपासून नाव बदललं’ एवढंच म्हणतं. ‘१९७७ ची नोंद चुकीची होती’ हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून नुसतं राजपत्र जोडून रेकॉर्ड ऑफिसला गेलेले अर्ज अडकतात. पैसे जातात, राजपत्र हातात येतं आणि पीपीओ तसाच राहतो.

‘भाऊ’ आणि ‘भाऊसाहेब’ या फरकाची फार काळजी करू नका. वडिलांच्या नावाला जोडलेलं ‘साहेब’, ‘राव’, ‘बा’ हे मराठी नावांत चालतंच. मारुती आणि मारुतीराव, इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू, दत्तात्रय लिहिताना शेवटी ‘ए’ आहे की नाही, गायकवाडमध्ये ‘ए-आय’ की ‘ए-ई’, हे सगळं एकाच वर्गात बसतं. अशा फरकाला सहसा ‘एकच व्यक्ती’ प्रतिज्ञापत्र पुरतं. मात्र आधार सुधारायला जाल तेव्हा वडिलांचं नावही पीपीओप्रमाणे करून घ्या. दोन फेऱ्या वाचतील.

आता आईचं नाव, आणि ते आधी

तुमच्या पत्रात आईचा उल्लेख एका वाक्यात आलाय. आमच्या मते खरी तातडी तिथे आहे. आबांचं नाव जुळत नसलं तरी आबा स्वतः समोर उभे राहून ‘मीच तो’ म्हणू शकतात. त्यांच्या पश्चात आईला आधी आपण त्यांची पत्नी आहोत हे सिद्ध करावं लागेल, तेही बुकात ‘शालन’ आणि हातात ‘सुलोचना’चं आधार कार्ड घेऊन. फॅमिली पेन्शनची कितीतरी प्रकरणं नेमकी इथे महिनोन् महिने पडून राहतात. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिण्याची आपली रीत रेकॉर्ड ऑफिसातल्या दुसऱ्या प्रांतातल्या कारकुनाला ठाऊक नसते. त्याला दिसतात दोन वेगळ्या बायका. कधी दुसरं लग्न झालं असावं अशी शंका घेऊन चौकशीही लागते.

आबा हयात आहेत आणि सही करू शकतात तोवर या कामात त्यांचा शब्द हा सगळ्यात बळकट पुरावा आहे. म्हणून आईच्या नावाचा अर्ज वेगळा आणि लगेच पाठवा, आबांच्या नावाच्या अर्जाची वाट पाहू नका. दोन्ही मागण्या एका पत्रात घालू नका. एकात त्रुटी निघाली की दुसरीही थांबते.

या अर्जासाठी आबांचं प्रतिज्ञापत्र लागेल. रेकॉर्ड ऑफिस बहुतेकदा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचं मागतात. नोटरीचं चालेल का हे आधी फोनवर विचारा, मग स्टॅम्प घ्या. मजकुरात चार गोष्टी हव्यात: माहेरचं पूर्ण नाव, लग्नानंतरचं पूर्ण नाव, लग्नाची तारीख व गाव, आणि ‘ही दोन्ही नावं माझ्या एकाच पत्नीची आहेत, माझा दुसरा विवाह झालेला नाही’ हे वाक्य. प्रतिज्ञापत्र मराठीत असलं तरी दोन्ही नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, बुकात आणि आधारवर आहेत अगदी तशीच लिहून घ्या. वकील स्वतःच्या सवयीचं स्पेलिंग टाकतो, आणि एका नावाची तीन नावं होतात. सही करण्याआधी एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.

सोबत आईचं आधार आणि पॅन, शाळेचा दाखला असेल तर तो, दोघांचा एकत्र फोटो, आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. लग्नाची नोंद तेव्हा झाली नसेल तर आजही ग्रामपंचायतीत करता येते. १९९८ च्या कायद्यानुसार गावात ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) हाच विवाह निबंधक असतो. उशिराचा थोडा दंड भरावा लागेल, पण हा कागद सगळ्यात वजनदार ठरतो. नोंदणीतही आईची दोन्ही नावं यायला हवीत हे तिथे आग्रहानं सांगा.

याच अर्जात आईची जन्मतारीखही नीट नोंदवून घ्या. जुन्या बुकांत बायकोची तारीख कोरी असते किंवा अंदाजे वय असतं. वयाच्या ८० व्या वर्षी पेन्शनच्या मूळ रकमेत २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के. फॅमिली पेन्शनलाही हेच लागू आहे आणि तिथे वय आईचं धरतात. तारीख चुकीची असेल तर हक्काची वाढ काही वर्षं उशिरा सुरू होईल. आबांच्या स्वतःच्या जन्मतारखेला मात्र हात लावू नका. भरतीच्या वेळची तारीख निवृत्तीनंतर बदलत नाहीत आणि तो विषय काढला की नावाचं सरळ कामही गुंतागुंतीचं होतं.

पीपीओ हातात घेऊन पाहा, त्यात आईचं नाव आहे का? बऱ्याच जुन्या पीपीओंत पत्नीचं नावच नसतं. नसेल तर अर्जात ‘फॅमिली पेन्शनचं जॉइंट नोटिफिकेशन करावं’ (म्हणजे पीपीओत पत्नीची फॅमिली पेन्शनही नोंदवावी) हे शब्द घाला. हे शब्द असले की अर्ज योग्य टेबलावर जातो.

अर्ज कसा लिहायचा

हिंदीत किंवा इंग्रजीत. बेळगावात मराठी वाचणारे असतील, पण फाइल पुढे प्रयागराजला जाते. एका पानाहून मोठा नको. साधारण असा (इथे समजायला मराठीत दिलाय):

‘विषय: पत्नीच्या नावाची सेवा-नोंदीत व पीपीओत दुरुस्ती. मी, आर्मी नंबर (शेवटच्या अक्षरासह), हुद्दा, नाव (बुकाप्रमाणे), दिनांक अमुक रोजी सेवानिवृत्त. पीपीओ क्रमांक अमुक. माझ्या पत्नीचं नाव नोंदीत शालन असं आहे. विवाहानंतरचं नाव सुलोचना दत्तात्रय कदम असून आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक अमुक. दोन्ही एकच व्यक्ती आहेत. कृपया पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करून सुधारित पीपीओसाठी प्रकरण पाठवावं. सोबत कागद क्रमांक १ ते ७.’

खाली आबांची सही, जुन्या कागदांवर आहे तशीच. हात थरथरत असेल तर अंगठा घ्या आणि तो जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांकडून साक्षांकित करून घ्या. मुलानं वडिलांची सही मारलेले अर्ज लगेच ओळखू येतात. मोबाइल क्रमांक असा लिहा जो घरात कुणीतरी उचलतं. त्रुटी निघाली तर फोन येतो, आणि न उचललेल्या एका फोनमुळे फाइल मागे पडते.

अर्ज साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. थेट पाठवायला बंदी नाही, पण त्यांच्या पत्रासह गेलेल्या अर्जातले कागद आधीच तपासलेले असतात आणि त्याला जावक क्रमांक असतो. तो क्रमांक लिहून ठेवा. पुढची सगळी विचारणा त्यावरच होईल. ही सेवा मोफत आहे. माजी सैनिकाचं ओळखपत्र आणि मूळ बुक घेऊन आबांना एकदा स्वतः घेऊन जा.

मूळ डिस्चार्ज बुक पाठवायची वेळ येते ती शेवटी, दुरुस्ती मंजूर झाल्यावर आणि रेकॉर्ड ऑफिसनं लेखी मागितल्यावर. आधी फक्त साक्षांकित प्रत पाठवा. पाठवण्यापूर्वी प्रत्येक पान, कोरं पानसुद्धा, रंगीत स्कॅन करा. पाठवायचं ते स्पीड पोस्टनं, आत कागदांची यादी घालून. शक्य असेल तर साताऱ्याहून बेळगावला स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. कारण हरवलेल्या डिस्चार्ज बुकाची दुसरी प्रत निघत नाही. पोलिसांत तक्रार नोंदवल्यावर त्याऐवजी फक्त एक प्रमाणपत्र मिळतं.

मधल्या काळात पेन्शन

नावाचं काम होईपर्यंत हयातीचा दाखला थांबवू नका. डिजिटल अडत असेल तर कागदी दाखला द्या. स्पर्श सेवा केंद्रातून किंवा डीपीडीओ (संरक्षण पेन्शन वाटप) कार्यालयातून तो चढवून घेता येतो, पावती मात्र घ्या. स्पर्शची मदतवाहिनी १८००-१८०-५३२५ आहे. तिथे तक्रार नोंदवली तर क्रमांक मिळतो, पण नावाचा निर्णय शेवटी रेकॉर्ड ऑफिसचाच असतो. स्पर्शवरून ‘रेकॉर्ड ऑफिसशी संपर्क साधा’ असं उत्तर आलं तर ते टोलवाटोलवी समजू नका, ते बरोबर सांगतात.

दुरुस्ती झाल्यावर क्रम पाळा. आधी सुधारित पीपीओ, मग स्पर्शवरची माहिती तपासणं, मग ईसीएचएस आणि कॅन्टीन कार्ड, त्यानंतर बँक. आधार-पॅन लष्करी नावाकडे वळवायचं ठरलं तर आधी आधार, मग पॅन, मग स्पर्श. बँकेचं खातं सर्वात शेवटी. लोक नेमकं उलट करतात. बँक गावातच असते, म्हणून तिथलं नाव आधी बदलतात आणि पुढच्या महिन्याची रक्कम परत जाते.

रेकॉर्ड ऑफिसनं लेखी नकार दिला तर तो कागद जपून ठेवा. त्यातलं कारण वाचून कमी असलेला पुरावा जोडा आणि पुन्हा अर्ज करा. उत्तरच आलं नाही तर केंद्राच्या सीपीग्राम्स तक्रार व्यवस्थेत नोंद करा. रक्षा पेन्शन समाधान आयोजन (पूर्वीची रक्षा पेन्शन अदालत) जवळपास भरलं की तिथेही प्रकरण मांडता येतं. त्यानंतरही हक्काची नोंद नाकारली, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. आईच्या नावासाठी तिथवर जाण्याची वेळ सहसा येत नाही. कागद पूर्ण असतील तर हे काम होतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच: पद्धत हीच, पत्ता वेगळा. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, चिलखती दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीची अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. कोकणातल्या नौसैनिकांची नोंद मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये, हवाई दलातल्या वायुसैनिकांची दिल्लीत सुब्रतो पार्कला.

तुम्ही या आठवड्यात दोन गोष्टी करा. माहिती अधिकाराचा अर्ज आबांच्या सहीनं टाका, आणि आई-आबांना घेऊन ग्रामपंचायतीत विवाह नोंदणीची चौकशी करा. एजंटाला सध्या नाही म्हणा. एनरोलमेंट फॉर्मची प्रत हाती आली की तीवर नाव नेमकं काय आहे ते आम्हाला पुन्हा कळवा, आधार वळवायचं की पीपीओ हे तेव्हा नक्की ठरवता येईल.